कॉर्नेलिया सोराबजींचा कालपट शाळेच्या भिंतीवर कसा लावायचा

फोटोला हार घालून खाली ‘पहिली महिला वकील’ लिहिलं की बहुतेक ठिकाणी काम आटोपतं. पण परीक्षा पास होणं आणि सनद हातात पडणं, यांच्या मधे या बाईंची किती वर्षं गेली ते त्या पाटीत कुठेच दिसत नाही. ते दाखवायचं तर कालपट मापात काढावा लागतो.

एका वर्षाला ५ सेंमी धरा. जन्म १५ नोव्हेंबर १८६६, नाशिक. मृत्यू ६ जुलै १९५४, लंडन. म्हणजे ८८ वर्षांना ४ मीटर ४० सेंमी. २२ बाय २८ इंची कार्डशीट आडवे जोडले तर सात लागतात. सातव्याच्या उरलेल्या जागेत शीर्षक बसतं. वर्षाला १० सेंमी घेऊ नका, पट पावणेनऊ मीटरच्या पुढे जातो आणि दाराखिडक्यांत तुटतो.

आधी पेन्सिलीने सगळी वर्षं टिंबून घ्या, मग चिठ्ठ्या चिकटवा: १८८९ ऑक्सफर्ड, १८९२ बीसीएलची (ऑक्सफर्डच्या कायद्याच्या पदवीची) परीक्षा, १८९७ मुंबई विद्यापीठाची एलएलबी, १८९९ अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, १९०४ बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (विधवा आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात) नेमणूक, १९२१ अलाहाबादची सनद, १९२२ ऑक्सफर्डची पदवी, १९२३ बायकांना वकिली खुली करणारा कायदा. शेवटच्या तीन चिठ्ठ्या पाच-पाच सेंमीवर येतात आणि हमखास एकमेकींवर चढतात. एक रेषेच्या वर, एक खाली, तिसरी दोरा ओढून लांब लावा.

आता लाल कागदाच्या दोन पट्ट्या. रेषेच्या वर १८९२ ते १९२२, दीड मीटर: विद्यापीठाने खास ठराव करून परीक्षेला बसू दिलं, पण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. खाली १८९९ ते १९२१, एक मीटर दहा सेंमी: परीक्षा पास, सनद नाही. मुलं ‘१८९२ साली पदवी मिळवली’ असं लिहितातच. चिकटवण्याआधी ती चिठ्ठी स्वतः वाचा. ‘पहिली’ हा शब्द आला की कशात पहिली तेही लिहायला लावा. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ही एक गोष्ट, हायकोर्टाची सनद मिळणं ही दुसरी.

नकाशात आपल्याकडे, मराठवाड्यात, जास्त चुका होतात. आजच्या महाराष्ट्राचा नकाशा लावला तर नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद) एकाच राज्यात दिसतात. तेव्हा नाशिक-पुणे मुंबई इलाख्यात होतं आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, सप्टेंबर १९४८ पर्यंत. १९२३ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. त्याने परभणी-बीडच्या बायकांना वकिली खुली झाली असं लिहू नका. निजामाची हद्द जाड रेघेने दाखवा.

सोराबजींचं काम काय होतं, हे वाचून कळत नाही. दहा मिनिटांत करून दाखवा. दोन खिडक्यांना सुतळी बांधून जुनं लुगडं टाका. आत एक मुलगी, बाहेर कारभारी झालेला मुलगा. तो पडद्याखालून कागद सरकवतो, ‘देखभालीचा कागद आहे, अंगठा करा’ म्हणतो. कागदावर खरं तर जमीन लिहून दिलेली असते. मग तिसरी मुलगी, म्हणजे सोराबजी, पडद्याआड जाऊन तोच कागद मोठ्याने वाचते. पुरुष वकिलाला आत जाता येत नव्हतं आणि पडदानशीन विधवांच्या इस्टेटी अशाच हातच्या जात होत्या. हे बघून एखादी आई हक्कसोडपत्राचं विचारतेच. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता बाजूच्या टेबलावर ठेवा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता, इंग्रजी राज्य त्यांना हवं होतं. हे लपवू नका. मुक्तिसंग्रामाच्या मुलखात कोणी ना कोणी विचारणारच, आणि उत्तर पटावर नसेल तर बाकीच्या पटावरचाही विश्वास जातो. १९२१ च्या आसपास एक साधी चिठ्ठी पुरे.

१५ नोव्हेंबर पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, सोयीची. चुन्याच्या भिंतीवर सेलोटेप तासाभरात सुटते. वर-खाली दोन सुतळ्या ताणून कपड्यांचे चिमटे लावा, खालचे विसरलात तर पंख्याने कागद फडफडून फाटतात. मुख्य अक्षरं ३ सेंमीपेक्षा लहान नकोत. उतरवताना लिहिलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, आत गेली तर पुढच्या शाळेत कोपरे पुढे वळून अक्षरं झाकतात.