टेबलावरचा हात: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने येणाऱ्यांसाठी

ओटी टेक्निशियन म्हणून मी म्हापशाच्या एका खाजगी इस्पितळात लागलो, तेव्हा पेशंटला टेबलावर नीट झोपवणं हे मला हरकाम्याचं काम वाटायचं. मशीन, मॉनिटर, औषधं हेच काय ते शिकायचं. तो समज एका पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, मोडला.

त्याची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होती. डावा हात आर्म बोर्डवर, म्हणजे टेबलाला जोडलेल्या हात ठेवायच्या फळीवर, सलाइन त्याच हाताला. असिस्टंटला उभं राहायला जागा हवी होती, त्याने बोर्ड डोक्याकडे सरकवला. मान उजवीकडे कललेली. मी पाहिलं आणि गप्प बसलो. नव्या पोराने कुणाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तो म्हणाला, "म्हजो हात वयर वचना." मूठ वळत होती, बोटं हलत होती, पण खांद्यातून हात उचलेना. भल्या पहाटे सायकलला पाव बांधून फिरणारा माणूस तो.

भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि पेशंटला ओढ जाणवत नाही, म्हणून तो हात काढूनही घेत नाही. हात अंगापासून ९० अंशांपलीकडे गेला आणि मान उलट बाजूला वळली, की मानेतून काखेत उतरणारं नसांचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, ताणलं जातं. सुरी लागावी लागत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नस ८ टक्के ताणल्यावरच तिच्यातलं रक्त अडखळू लागलं, १५ टक्क्यांच्या आसपास ते थांबलं.

सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. त्यातला सौम्य तो न्यूराप्रॅक्सिया: तंतू शाबूत, फक्त संदेश अडलेला. पोदेराचं नशीब, त्याला हाच झाला होता. फिजिओथेरपी करत दोनेक महिन्यांत तो पुन्हा सायकलवर बसला. तंतू तुटला असता तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. दंडापासून बोटांपर्यंतचा हिशोब तुम्हीच करा.

एक करून बघा. रिकाम्या ओटीत स्वतः टेबलावर आडवे व्हा, मित्राला तुमचा हात हळूहळू डोक्याकडे न्यायला सांगा आणि मान दुसरीकडे वळवा. ओढ कुठे बसते ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल. कोपराखाली पॅड, तळहात वर. लिथोटॉमीत, म्हणजे पाय वर टांगून फाकवलेल्या स्थितीत, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पट्टीचा दाब नको, तिथली नस दुखावली की पाऊल लोंबतं.

आणि टेबल वाकवलं की सगळं परत तपासायचं. मी आजही ड्रेपखाली, म्हणजे पेशंटवर पसरलेल्या निर्जंतुक कापडाखाली, हात घालून पेशंटचं कोपर चाचपतो. सर्जन कुरकुरतात कधीकधी.