राखणदार लिहायचाय? आधी त्याच्या वहाणा बघा

दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणारी मुलगी आणि तिचा अबोल राखणदार, ही जोडी मी तीनदा लिहिली. पहिल्यांदा सपशेल फसली. माझा राखणदार डोळे लाल करून पाच पानं बोलत होता. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं, ‘हा राखण कधी करतो?’

तेव्हा आजी आठवली. आमचं गाव वेंगुर्ल्याकडचं. आरवलीचा वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार देव. तो रात्री गावात फेरी मारतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देवाचे चमत्कार आजी फारसे सांगत नसे, पण त्या वहाणा झिजतात हे मात्र हमखास सांगायची. तुमच्या राखणदाराची ताकद तशी दाखवा. माझा राखणदार म्हणजे १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरणीचा पहारेकरी, मरूनही लालबागच्या चाळीत राहिलेला. दरवेळी शक्ती वापरली की त्याच्या चपलेचा तळ थोडा पातळ होतो. तिसऱ्या प्रकरणात आतून पुठ्ठा लावलेला दिसतो. कुणी काही बोलत नाही.

मग हद्द आखा. गावाकडे राखणदाराला सीम असते, मुंबईत ती तुम्हीच ठरवायची. माझी भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत. रात्री अडीच वाजता भावाला बरोबर घेऊन चालून बघितली (तो अजून बोलून दाखवतो). पुलापलीकडे राखणदार नुसता म्हातारा. आता मुलीला भायखळ्याच्या शाळेत घाला. गोष्ट आपोआप चालू होते.

मुलीला सगळं भविष्य कळू देऊ नका, वाचणाऱ्याला काळजीच उरत नाही. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला फक्त समोरचा काय बोलणार ते आधी ऐकू येतं. दहा बाय बाराची खोली, घरात सहा माणसं. संध्याकाळी करी रोडला लेडीज डब्यात चढली की तिचं डोकं भणभणतं. आणि इथेच मला राखणदाराचं गप्प राहणं कळलं. तो रुबाब म्हणून गप्प नाही. त्याच्या डोक्यातच काही वाजत नाही. अख्ख्या लालबागेत तेवढीच एक शांत जागा, म्हणून ती त्याला चिकटते.

खलनायक बुवा असेल, पोरीला पाटावर बसवून पैसे घेत असेल, तर राखणदाराकडून त्याला हवेत भिरकावू नका. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. शेजारच्या काकूंना पोलिसांत जाऊ द्या. राखणदाराने दारात उभं राहावं, बस्स.

पहाटेचा प्रसंग मी असा लिहिला. नळाला पाणी यायची वेळ, गॅलरीत कळश्यांची रांग.

‘आजोबा, तुम्ही झोपत नाही?’

‘नाय.’

‘पाय दुखतात?’

तो उत्तर देत नाही. ती बसल्या जागी सरकून त्याच्या गुडघ्याला डोकं टेकते. खाली कुणीतरी ओरडतं, ‘पाणी आलं गो!’ ती हलत नाही, कारण तिला झोप लागलेली असते.

प्रसंग लिहून झाला की राखणदाराची वाक्यं मोजा. माझी आधी सात होती. सहा खोडली.