गाडी आणण्याआधी घराचं अर्थिंग बघा

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरी रात्री अकराला विजेची छोटी गाडी चार्जिंगला लावली आणि चार्जरवर लाल दिवा लागला. गाडी नवी, वायर नवी, सॉकेट मी स्वतः बसवलेला. मी चौतीस वर्षं वायरमनकी केली आहे, त्यामुळे मीटर घेऊन बसलो. न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) आणि अर्थ (चुकून पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी तार) यांच्यामध्ये अकरा व्होल्ट, दोन-तीनच्या वर नको असतात! सकाळी अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेलो, तर काळी माती भेगाळून पाइपापासून बोटभर सुटलेली. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं पुन्हा लावली, गाडी चार्ज घेऊ लागली. अर्थ नीट मिळत नव्हतं म्हणून चार्जर अडून बसला होता.

तेव्हापासून गल्लीत कोणी विचारलं, "काका, छोटी इलेक्ट्रिक घेऊन राहिलो, कोणती घेऊ?" की मी आधी त्याच्या घरी जातो आणि खड्डा बघतो. गाडीचं मॉडेल नंतर.

तरी गाडीबद्दल थोडं सांगतो. युरोपात 'क्वाड्रिसायकल' म्हणून, म्हणजे कारपेक्षा हलक्या-छोट्या चारचाकीचा, वेगळा वर्गच आहे. त्यातल्या हलक्या गाडीचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर जात नाही, मोटर ६ किलोवॉटपर्यंत. सिट्रोएनची आमी ही त्यातलीच, लांबी जेमतेम २.४१ मीटर, बॅटरीत ५.५ युनिट वीज मावते. बेंगळुरूची रेवा २००१ मध्ये आपल्याकडे आली, आणि लंडनमध्ये ती 'जी-विझ' नावानं क्वाड्रिसायकल म्हणूनच फिरली. आपल्या सरकारनं २०१८ मध्ये खासगी वापरासाठी हा वर्ग मान्य केला, पण रस्त्यावर दिसते ती बजाजची क्यूट, आणि ती पेट्रोल-सीएनजीवर चालते. म्हणून विजेची छोटी गाडी म्हटलं की नागपुरात बहुतेक लोक एमजी कॉमेटसारख्या गाडीकडे बघतात. कागदोपत्री ती कार आहे, पण लांबी तीन मीटरच्या आत, बॅटरी १७.३ युनिटची, आणि ४.२ मीटरच्या त्रिज्येत वळते. इतवारीच्या गल्लीत हा शेवटचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे.

एका बाबतीत कळकळीनं सांगतो. मोबाइलवर अर्ध्या किमतीत चारचाकी बॅटरी गाड्यांच्या जाहिराती येतात, "नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही". ती सूट पाव किलोवॉटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या हलक्या वाहनांसाठी आहे. माणसं बसवून नेणारी चारचाकी त्यात बसत नाही. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर मिळणार नसेल तर विमाही नाही, आणि उद्या कोणाला धक्का लागला तर सगळं तुमच्या डोक्यावर. आधी नोंदणीचं विचारा, मग रंग.

आता घर.

तीन मीटरच्या या गाडीसोबत येणारा चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो, म्हणजे १४ ते १५ अँपिअर. लोक म्हणतात, "गिझरएवढंच तर आहे." पण गिझर अर्धा तास चालतो, इस्त्री दहा मिनिटं, आणि ही गाडी सात तास सलग ओढते. वीस वर्षांच्या घरातल्या अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीला, सैल झालेल्या सॉकेटला हे सात तास सोसत नाहीत. मी जळून काळे झालेले थ्री-पिन टॉप हातात घेतले आहेत. म्हणून मुख्य बोर्डापासून गाडीपर्यंत ४ एमएमची तांब्याची वेगळी वायर ओढा, मध्ये कुठेही जोड नको. तिला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की तोडणारा खटका) द्या. सॉकेट १६ अँपिअरचा, औद्योगिक प्रकारचा घ्या. दोन-चारशे रुपये जास्त जातील, जाऊ द्या. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कधीही नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी तासाभरानं टॉपला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि वायरमनला बोलवा.

अर्थिंगची तपासणी लायसन्सवाल्या वायरमनकडून, आणि मे महिन्यात करून घ्या. पावसाळ्यात खड्डा ओला असतो, तेव्हा सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं निघतं. फेज म्हणजे वीज आणणारी तार; फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे व्होल्टचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत; न्यूट्रल आणि अर्थमध्ये भार चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या वर नको. आपली काळी माती ओली असते तेव्हा वीज छान वाहून नेते, पण उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइपाशी तिचा संबंध तुटतो. जुन्या घरांत तर 'खड्डा' म्हणजे हातभर गाडलेली सळई असते. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर आणि वर पाणी ओतायला नरसाळं, एवढं नीट केलं की पुढं फक्त बादलीचं काम उरतं. मी मार्च ते जून दर रविवारी कूलरची टाकी धुतो आणि ते पाणी खड्ड्यात सोडतो.

काही जण चार्जरनं कुरकुर करू नये म्हणून अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून देतात. असं करणारा वायरमन दारात उभा करू नका. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचा पत्रा जिवंत होतो, आणि अंगणात लेकरं खेळत असतात.

महावितरणच्या बिलावर तुमचा मंजूर भार लिहिलेला असतो, तो वाचा. एक-दोन किलोवॉट असेल तर गाडी, एसी आणि पंप एका वेळी झेपणार नाहीत, भार वाढवून घ्या. फ्लॅटमध्ये असाल तर वायर आपल्याच मीटरवरून खाली आणा. सोसायटीच्या कॉमन मीटरवर गाडी लावली की पहिल्या बिलाला भांडण.

खर्चाचं म्हणाल तर माझं रोजचं फिरणं पंचवीस किलोमीटर, त्याला चार्जरची तूट धरून तीन युनिट, महिन्याला नव्वद. पण हे नव्वद युनिट तुमच्या बिलाच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात. घरचा वापर आधीच २५० असेल तर तीनशेची पायरी ओलांडली जाते आणि पुढच्या युनिटांना वरचा दर लागतो. हिशेब त्या दरानं करा. तरीही पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

आता ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होतं. छोट्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला मोठ्या गाड्यांसारखी व्यवस्था सहसा नसते, आणि बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त उष्णता खाते. दुपारी दोनला सीताबर्डीहून तापून आलात की लगेच लावू नका. रात्री अकराला लावा, पहाटेपर्यंत पुरे होते. टिनाच्या शेडखाली सावली असते पण गारवा नसतो; टिनाखाली हातभर अंतर सोडून हिरवी जाळी ताणा आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. आमच्याकडे कडुलिंब आहे, त्याच्याखाली गाडी शेडपेक्षा गार राहते. उन्हाळ्यात गावाला महिनाभर जाणार असाल तर बॅटरी अर्ध्यावर ठेवून जा, भरून नको. रोज शंभर टक्के करायची की ऐंशीवर थांबायचं, हे बॅटरीच्या जातीवर आहे. लोह-फॉस्फेटवाल्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरावं लागतं, नाहीतर टक्के चुकीचे दाखवते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

एका चार्जिंगमध्ये किती चालते त्याचा आकडा कागदावर एकशे साठ-दोनशे तीस किलोमीटर जो काही लिहिला असेल, त्याचे तीन चतुर्थांश धरून चला. मे महिन्यात एसी लावून आणखी थोडं कमी. शहरात ते पुरून उरतं. मानेवाडा ते सदर, तिथून गोकुळपेठ, परत, असे तीन दिवस मी चार्जरकडे बघत नाही.

ट्रायल घ्यायची तर शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. महालात न्या, बडकस चौकात संध्याकाळी सातला. मग सिमेंट रोडच्या कडेवरून खाली उतरवून पुन्हा वर चढवा, कारण बारा इंची चाकाला ती पायरी जाणवते आणि खालून पत्रा घासतो का तेही कळतं. घरच्या म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून बघा. दोन दारांच्या गाडीत आमच्या हिचे गुडघे मागं जाऊच शकत नाहीत. ती कायम पुढं बसते आणि बाजाराच्या पिशव्या मागं. चार जण बसले की सामानाला जागाच उरत नाही, हे घेण्याआधी घरात बोलून घ्या. आणि हळू चालवताना आवाज येत नाही, गल्लीत समोरचा वळून बघत नाही. हॉर्नपेक्षा पाय ब्रेकवर ठेवण्याची सवय लावा. बुटीबोरीकडे ट्रकांच्या रांगेत मी ही गाडी नेत नाही. ती शहरासाठी आहे.

पावसाळ्याचं शेवटी, पण विसरू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांमध्ये गाड्या उभ्या जागी बुडाल्या. नरेंद्रनगरच्या पुलाखाली तर थोड्या पावसातही पाणी साचतं. चाकाच्या मध्याच्या वर पाणी दिसलं की परत फिरा. गाडी पाण्यात उभी राहिलीच, तर वाळल्यावरही चालू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उचलून नेणारी गाडी बोलवा. त्या पुरानंतर मी माझा सॉकेट गुडघ्याच्या उंचीवरून काढून साडेचार फुटांवर नेला. त्यावर छोटं झाकण, आणि वायर भिंतीवर नळीतून खाली. दिवसभराचं काम होतं, मी आणि भाच्यानं मिळून केलं.