माडाची सावली आणि प्रमाणाचा धडा

प्रमाणाचे सूत्र आधी फळ्यावर लिहिले आणि मग ते पडताळायला मुलांना अंगणात नेले, तर त्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून सुरुवात प्रश्नानेच करावी. गोव्यात शाळेच्या आसपास माड शोधावा लागत नाही. त्यातला एक निवडून ‘वर न चढता याची उंची सांगा’ एवढेच म्हणावे आणि प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा. तोंडी अंदाज मुले सोयीने बदलतात, लिहिलेला मात्र बदलता येत नाही.

यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातली सकाळी दहाच्या सुमाराची वेळ बरी. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, आणि मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य गोव्यात जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे सावली पायाशीच गोळा होते.

एक मीटरची काठी सपाट जमिनीवर ओळंबा लावून उभी करावी. सावली सतत सरकत असल्याने काठीची व माडाची सावली दोन गटांनी एकाच वेळी मोजावी. काठीची सावली १.४ मीटर आणि माडाची १६.८ मीटर भरली, तर माड १२ मीटर उंच, हे मुलांनीच काढावे. अडलेच तर ‘काठीची सावली काठीच्या किती पट आहे?’ असे विचारावे, त्याहून अधिक सांगू नये.

खरा कस पुढे लागतो, कारण माड क्वचितच सरळ असतो. सावलीच्या दिशेने झुकलेल्या माडाची सावली बुंध्यापासून मोजली तर उंची जास्त येते, सूर्याकडे झुकलेला असेल तर कमी. एकाच माडावर वेगवेगळ्या वेळी काम केलेल्या गटांची उत्तरे जुळली नाहीत, की शिक्षकाने घाईने निवाडा करू नये. मोजणी शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून हवी, हे मुलांच्या लक्षात आले, की दोघांना माडापासून लांब, एकमेकांशी काटकोनात उभे करावे. दोऱ्याला दगड बांधून प्रत्येकाने तो दोरा शेंड्याच्या रेषेत धरावा आणि दोघांच्या नजरेच्या रेषा जमिनीवर जिथे छेदतात तिथे खूण करावी. सावलीचे टोक म्हणून झावळीचे टोक धरायचे की शेंड्याचा मध्य, हेही आधीच ठरवून घ्यावे. अनेकदा निम्मा वाद तिथेच असतो.

याला दोन तासिका लागतात. दुसरी केवळ चर्चेसाठी राखावी आणि चुकीची वाटणारी उत्तरेही फळ्यावरून पुसू नयेत. समरूप त्रिकोणाची आकृती काढायची ती या चर्चेनंतर.

पावसाच्या दिवसांत वर्गातच ताटे, झाकणे, बाटल्यांची बुचे घेऊन परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर काढता येते. लोकर ताणली जाते, म्हणून कागदाची पट्टी वापरावी. तीन सेंटिमीटरच्या बुचाचा व्यास एका मिलिमीटरने कमी मोजला तर गुणोत्तर ३.२५ येते, तीस सेंटिमीटरच्या ताटाला तीच चूक झाली तर ३.१५. करवंटी मुद्दाम द्यावी; ती नेमकी गोल नसल्यामुळे व्यास कुठे धरायचा यावरच गट अडतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ सांगितला, तोही जवळपासचा म्हणूनच. ही माहिती मुलांची मापे फळ्यावर लिहून झाल्यावरच द्यावी.