व्ही इंजिनाचं हेड (सिलेंडरवरचं झाकण) मिलिंगला, म्हणजे मशीनवर कापून सपाट करायला, टाकताय? आधी हे बघा

इनलाइन इंजिन असेल तर फार विचार नको, इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा भाग) हेडलाच बोल्ट होतं, हेड खाली आलं की तेही येतं. व्ही इंजिनात मात्र ते दोन हेडच्या मधे पाचरीसारखं बसतं, आणि डेक साइड (हेडची ब्लॉकवर बसणारी बाजू) कापली की दोन्ही हेड खाली तर येतातच पण एकमेकांकडेही सरकतात, मग मॅनिफोल्ड वरच अडकतं आणि बोल्टची होलं जुळत नाहीत.

म्हणून किती कट मारायचा हे मोजल्याशिवाय हेड कुणाच्या हातात देऊ नका. स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) लांबीत, रुंदीत, तिरकं सगळीकडून वाक बघा, हेडची जाडी मॅन्युअलशी ताडून बघा म्हणजे आधी कुणी कापलंय का ते कळेल. व्हॉल्व्ह सीटचं काम राहिलं असेल तर ते आधी उरका, कारण त्याने चेंबरचे सीसी (ज्वलनाच्या पोकळीचं आकारमान) बदलतात, मग ब्युरेटने (खुणा केलेल्या नळीने) सीसी मोजा आणि दोन्ही हेडला सारखाच कट.

आता हिशोब. स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेटचा ठरलेला आहे, डेकवरून जितकं काढलं त्याच्या १.२३ पट इनटेक साइडवरून आणि १.७१ पट मॅनिफोल्डच्या खालच्या दोन टोकांवरून. म्हणजे २० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढले तर साधारण २५ आणि ३४. हे आकडे त्याच इंजिनाचे हं, फेसचा अँगल बदलला की गुणकही बदलतात, आणि अँगल मिलिंग (तिरका कट) केलं असेल तर हे विसराच. मॅनिफोल्ड कापायचं की हेडची इनटेक साइड, हा वाद चालूच असतो, माझं मत हेडच कापा, नाहीतर ते मॅनिफोल्ड त्याच हेडच्या गळ्यात बांधलं जातं आणि उद्या दुसरं लावायचं म्हटलं की पुन्हा खर्च.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका. जुनी दाबली गेलेली हेड गॅस्केट टाकून हेड टॉर्क करा (गॅस्केटची जाडीही यात धरायची असते), इनटेक गॅस्केट लावा, टोकांचे सील काढून ठेवा आणि मॅनिफोल्ड नुसतं ठेवून बघा. बोल्ट हाताने सुरू झाले पाहिजेत, पाना लागला तर काहीतरी चुकलंय. फीलरने वरची आणि खालची फट बघा, वर टेकलंय आणि खाली गॅप आहे असं झालं तर इंजिन व्हॅलीतून (मॅनिफोल्डखालच्या, दोन हेडमधल्या पोकळीतून) ऑइल ओढणार, सायलेन्सरमधून निळा धूर येणार आणि तुम्ही उगाच पिस्टन रिंगांना शिव्या घालत बसणार. टोकांना ब्लॉकवर टेकत असेल तर ती टोकंच कापा, तिथे कॉर्कऐवजी सिलिकॉन चालतं.

पुशरॉडची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांडीची) लांबी नव्याने तपासा, पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून व्हॉल्व्हचं अंतर बघा, इनटेकला साधारण २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी तरी हवं. आणि मॅनिफोल्ड खाली बसलं की त्यातून जाणारा डिस्ट्रिब्युटरही (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) खाली जातो, तो ऑइल पंपच्या शाफ्टवर टेकत असेल तर कॉलरखाली शिम (पातळ चकती) टाका.