फिशर घरी सांभाळताना: मलम नंतर, आधी शौच मऊ करा

शौचाच्या जागी काहीही दुखलं की आपल्याकडे सरसकट मूळव्याध ठरवून मोकळे होतात. मग रेल्वे रुळालगतच्या भिंतीवर रंगवलेला ‘बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज’वाला नंबर फिरवला जातो. कृपा करून तो फिरवू नका. एकदा जनरल सर्जनकडून तपासून घ्या. अशा तक्रारींचे पेशंट त्यांच्याकडे रोज येतात, तेव्हा लाजण्यासारखं काही नाही.

शौच होताना चिरल्यासारखं दुखतं, नंतर तास-दोन तास आग राहते, थोडं लालभडक रक्त दिसतं: हे बहुतेक फिशर. म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. आतली मूळव्याध सहसा न दुखता रक्त देते. पू येत असेल, एकाच जागचं गळू पुन्हापुन्हा भरून फुटत असेल तर भगंदराची, म्हणजे आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत पडलेल्या नळीसारख्या वाटेची, शंका घ्यावी. त्याला शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र (त्या वाटेत घालायचा औषधी दोरा) लागतं, घरचा उपाय नाही. जुन्या फिशरच्या टोकाशी त्वचेचा लहान कोंब येतो. त्यालाच मोड समजून वर्षानुवर्षं मूळव्याधीची मलमं चोळणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

निदान फिशरचंच असेल तर पुढचं सगळं तुमच्या हातात आहे, आणि त्यातला अवघड भाग एकच: शौच मऊ करणं आणि आठवडेच्या आठवडे मऊ ठेवणं. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. दुखण्याने आतला स्नायू आवळतो, तो आवळला की चिरेला रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून ती भरत नाही. त्यात दुखेल या भीतीने माणूस शौचाला जायचं टाळतो. अडवलेल्या मळातलं पाणी शोषलं जातं, खडा होतो आणि चीर पुन्हा उघडते. हे चक्र मोडेपर्यंत कुठलंही महागडं मलम कामाचं नाही.

इसबगोल घ्या, पण नीट घ्या. कोरडी फक्की मारून वर दोन घोट पाणी, हा सल्ला चुकीचाच नाही तर धोक्याचा आहे; भुसा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सुरुवातीला एक चमचा, पोट सरावलं की दोन, ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. ग्लास ठेवून फोन घ्यायला गेलात तर पाचेक मिनिटांत तळाशी बुळबुळीत गोळा जमतो आणि चमच्याबरोबर सगळाच फिरतो. पोटातही तो असाच पाणी धरतो, म्हणून त्यावर आणखी एक ग्लास पाणी हवंच. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्याचा काही आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, पोटात थोडा गॅसही होतो. तेवढ्यावरून सोडू नका. त्याहून महत्त्वाचं, दुखणं थांबलं म्हणूनही सोडू नका. चीर भरायच्या आधीच वेदना जाते, आणि लोक नेमके तिथेच इसबगोलचा डबा कपाटात टाकतात. एका कडक शौचाने सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सहा ते आठ आठवडे धरून चाला. इसबगोल पुरत नसेल तर डॉक्टर लॅक्टुलोज, म्हणजे शौच मऊ करणारं पातळ औषध, देतील. एरंडेल किंवा सोनामुखीची चूर्णं मात्र नकोत. पाण्यासारखे जुलाबही चिरेला झोंबतात. शौच पिकलेल्या केळ्यासारखं व्हायला हवं, पातळ नाही.

उपवासांचं खास सांगते. साबुदाण्यात तंतू जवळपास नसतातच, आणि त्या दिवशी पाणीही कमी प्यायलं जातं. एकादशीचा त्रास द्वादशीला होतो. या काळात रताळं, राजगिरा, फळं खाऊन उपवास करा. एरवी भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, पपई. मिरची-ठेचा काही दिवस बंद.

शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा. तुरटी, डेटॉल काही घालू नका.

कळ आली की लगेच जा, कुंथू नका, मोबाइल बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. जेट स्प्रेचा जोर कमी ठेवा.

मलम डॉक्टर देतील तेच. बहुधा आवळलेला स्नायू सैल करणारं 2 टक्के डिल्टियाझेम देतात: दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढं, कडेला, खोलवर नाही. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाने डोकं दुखू शकतं, आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेणाऱ्यांनी ते लावायचंच नाही. लिग्नोकेन जेल बधिर करतं, बरं करत नाही. स्टिरॉइड असलेलं मलम मनाने लावत राहू नका, त्वचा पातळ होते.

आठ आठवड्यांत चीर भरली नाही तर परत सर्जनकडे जा. स्नायूचा ताण सोडवणारी छोटी शस्त्रक्रिया असते. गॅस रोखण्यावरचा ताबा थोडा कमी होण्याची शक्यता असते, ती आधी समजून घ्या, विशेषतः बाळंतपणात तिथे इजा झालेल्या बायकांनी. ठणकणारी सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काळं शौच, मळात मिसळलेलं रक्त, घटणारं वजन, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल यांपैकी काहीही दिसलं तर वय कितीही असो, फिशर गृहीत न धरता आतून तपासणी करून घ्या.