ओपन सोर्स प्रकल्प दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर चालवताय? या चुका टाळा

जून २०२५मध्ये कुबरनेटीस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या मंडळींची चांगलीच धावपळ उडाली. लाखाच्या वर सदस्य असलेला, स्लॅक या चॅट अ‍ॅपवरचा त्यांचा ग्रुप स्लॅक कंपनीच्या खास मेहरबानीवर फुकट चालत होता. ही सवलत २० जूनला संपणार आणि सगळं साध्या मोफत योजनेवर येणार, हे १६ तारखेला जाहीर झालं. मोफत योजनेत मागचे फक्त ९० दिवस दिसतात, म्हणजे वर्षानुवर्षांच्या चर्चेवर पडदा. घाईघाईत डिस्कॉर्ड या दुसऱ्या चॅट अ‍ॅपवर जायचा प्रस्ताव पुढे आला. मग स्लॅकची मालक असलेल्या सेल्सफोर्सने निर्णय फिरवला आणि संकट टळलं. मला यात गंमत वाटते ती पळायच्या दिशेची. एका कंपनीच्या दारातून निघायचं, ते थेट दुसऱ्या कंपनीच्या दारात.

ओपन सोर्सवाल्यांनी असे प्लॅटफॉर्म वापरावेत की नाही, यावर वाद घालायला बसलं तर रात्र पुरत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोड ठेवायला माझी हरकत नाही, कारण माणसं तिथे आहेत. हरकत आहे ती चर्चा, निर्णय आणि पत्ताही तिथेच टाकून मोकळं होण्याला. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

"कोड गिटमध्ये आहे ना, मग काळजी कसली?"

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन, आणि त्याच्या प्रत्येक क्लोनमध्ये (प्रतीत) कोडचा पूर्ण इतिहास येतो, हे बरोबर. पण इश्यू (तक्रारी-सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टखालची (कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंतीखालची) चर्चा, लेबलं, माइलस्टोन, रिलीजला जोडलेल्या फाइली यांतलं काहीच गिटमध्ये नसतं. ते गिटहबच्या डेटाबेसमध्ये असतं. आणि "ही ओळ अशी विचित्र का लिहिली?" याचं उत्तर नेमकं तिथे असतं.

२९ मार्च २०२४ला एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या लायब्ररीत लपवलेलं बॅकडोर (चोरदरवाजा) उघडकीला आलं. गिटहबने तिचा रेपोच (प्रकल्पाचं कोडचं कोठार) बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, पण जगभरचे लोक ज्या वेळी कोणी, कधी, काय घुसवलं हे शोधत होते, त्याच वेळी तिथल्या पुल रिक्वेस्ट आणि चर्चा दिसेनाशा झाल्या. कोड वाचता येत राहिला, कारण प्रकल्पाचं स्वतःच्या सर्व्हरवर वेगळं गिट होतं. त्याआधी, २३ ऑक्टोबर २०२०ला, अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून यूट्यूबवरचे व्हिडिओ डाउनलोड करणारा यूट्यूब-डीएल हा प्रकल्प गिटहबवरून उतरवला गेला. तो १६ नोव्हेंबरला परत आला. मधले तीन आठवडे बग कुठे नोंदवायचा हाच प्रश्न.

उपाय कंटाळवाणा आहे: सगळं बाहेर काढा आणि दुसरीकडे बसवून बघा. यातलं "बसवून बघा" बहुतेक जण टाळतात. स्वतःच्या लॅपटॉपवर फोर्जेयो (गिटहबसारखंच काम करणारं खुलं सॉफ्टवेअर) टाका, त्यातली गिटहबवरून आयात करण्याची सोय वापरा. ती इश्यू, पुल रिक्वेस्ट, लेबलं, माइलस्टोन, रिलीज सगळं खेचते. पहिल्या खेपेला बहुधा या ठिकाणी अडतं:

- आयात मध्येच थांबते. टोकन (तुमच्या खात्याची ओळख पटवणारी किल्ली) दिलेलं नसतं. टोकनशिवाय गिटहबचा एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायचा मार्ग) तासाला ६० विनंत्या देतो, टोकन दिलं की ५,०००.
- विकी येत नाही. तो वेगळा गिट रेपो असतो, आयात करताना त्याचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर वेगळा क्लोन घ्यावा लागतो.
- मोठ्या फाइली एलएफएसमध्ये (गिटच्या वेगळ्या साठ्यात) असतील तर मिरर क्लोनमध्ये त्यांच्या जागी नुसत्या खुणा येतात. त्या फाइली वेगळ्या आणाव्या लागतात.
- प्रतिक्रिया येतात, लिहिणाऱ्याचं जुनं नाव दिसतं, पण ती नव्या ठिकाणच्या कोणत्याही खात्याला जोडलेली नसते.

आणि स्क्रीनशॉट. इश्यूमध्ये ओढून टाकलेलं चित्र गिटहबच्या सर्व्हरवर जाऊन बसतं, मजकुरात उरतो फक्त दुवा. आयात झाल्यावर सगळं जागच्या जागी दिसतं, कारण चित्रं अजून गिटहबकडूनच येत असतात. तिथला रेपो गेला की चित्रंही जाऊ शकतात. इंग्रजी कमांड लाइन प्रकल्पाला याचं फारसं काही वाटणार नाही. देवनागरी फॉन्टच्या प्रकल्पात मात्र बहुतेक तक्रारी म्हणजे "हे बघा, 'दऱ्या'मधला र तुटतोय" आणि खाली एक चित्र. चित्र गेलं की तक्रार गेली. स्क्रिप्ट लिहून ही चित्रं उतरवा आणि रेपोतच एका फोल्डरात ठेवा. तासाभराचं काम आहे.

गप्पांनाच दस्तऐवज समजणं

खरं नुकसान इथे होतं, आणि कोणी नोटीस न पाठवता होतं. स्लॅकने सप्टेंबर २०२२पासून मोफत योजनेत ९० दिवसांपलीकडचं झाकलं, आणि २०२४पासून वर्षापेक्षा जुना मजकूर पुसायलाच सुरुवात केली. डिस्कॉर्ड पुसत नाही, पण आतलं काहीच शोधयंत्राला दिसत नाही. एखाद्याने दोन वर्षांपूर्वी तीच अडचण सोडवून उत्तर लिहिलेलं असतं. आज गुगलवर शोधणाऱ्याला ते सापडणार नाही, तो आत येऊन पुन्हा तेच विचारणार, आणि कंटाळलेला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) पुन्हा तेच सांगणार. किंवा सांगणार नाही.

आपल्याकडे याची व्हॉट्सअ‍ॅप आवृत्ती चालते. कीबोर्ड, फॉन्ट, भाषांतर असं काहीही असो, पहिला ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरच निघतो. सुप्रभात, वाढदिवस आणि "लिबरऑफिसमध्ये युनिकोड का बिघडतं" हे एकाखाली एक. सगळ्यांचे मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतात, आणि एवढ्याच कारणाने बऱ्याच मुली ग्रुपात येत नाहीत, हे ग्रुप चालवणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही, कोणी करणारही नाही. गप्पा मारा. फक्त एक नियम पाळा: इश्यूमध्ये किंवा प्रकल्पाच्या कागदपत्रांत लिहिला जात नाही तोवर कुठलाही निर्णय झालेला नाही. "ग्रुपवर ठरलं होतं" हे उत्तर मान्य करायचं नाही, मेंटेनरकडूनही नाही.

नव्याने सुरू करत असाल तर झुलिप हे खुलं चॅट अ‍ॅप बघा. प्रत्येक विषयाचा धागा वेगळा राहतो, चॅनल सार्वजनिक केलं तर लॉगिन न करता वाचता येतं, आणि पूर्ण निर्यात मिळते. रस्ट आणि लीन या भाषांची मंडळी तिथेच बोलतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आयआरसी ही जुनी चॅट-व्यवस्था मार्च २०२०मध्ये बंद करून मॅट्रिक्स हे खुलं चॅट-जाळं घेतलं, तोही चांगला रस्ता आहे, फक्त नव्या माणसाला तिथे रुळायला जरा वेळ लागतो. "स्लॅक ठेवू, पलीकडे पूल बांधू" यावर मात्र विसंबू नका. स्लॅकने आयआरसी आणि एक्सएमपीपी या खुल्या चॅट-पद्धतींसाठीचे दरवाजे १५ मे २०१८ला बंद केले, तेव्हा त्यांच्या भरवशावर असलेले बाहेरच राहिले.

पत्ता दुसऱ्याच्या नावावर

डोमेन विकत घ्या. वर्षाला हजार-पंधराशे रुपये जातात. लोकांना तोच पत्ता द्या आणि तो आज गिटहबकडे वळवा, उद्या आणखी कुठे. गिंप या चित्र-संपादनाच्या खुल्या सॉफ्टवेअरने नोव्हेंबर २०१३मध्ये सोर्सफोर्ज हे गिटहबसारखं जुनं संकेतस्थळ सोडलं, कारण तिथे डाउनलोडसोबत नको ती सॉफ्टवेअरं चिकटवली जाऊ लागली होती. तरी मे २०१५मध्ये सोर्सफोर्जने विंडोजसाठीच्या गिंपचं जुनं पान स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि तिथून अशीच डाउनलोडं द्यायला सुरुवात केली. लोक जुन्या पत्त्यावर येतच होते.

गो भाषेत लिहिणाऱ्यांनी जास्त जपावं. तिथे पॅकेजचा इम्पोर्ट पथच (ते वापरताना कोडमध्ये लिहायचा पत्ता) बहुधा गिटहबच्या पत्त्याने सुरू होतो, म्हणजे कंपनीचं नाव तुमच्याच नाही, तर तुमची लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कोडमध्ये जाऊन बसतं. पहिल्या दिवशी स्वतःच्या डोमेनचा पथ घेतला तर दहा मिनिटांचं काम. हजार जण वापरायला लागल्यावर तेच काम जन्माचं होतं.

सॉफ्टवेअर खुलं असलं की हा प्रश्न मिटतो असंही नाही. फ्रीनोड या आयआरसी जाळ्यावरचं सगळं खुलंच होतं. पण नाव आणि डोमेनवर ताबा एका हातात गेला, मे २०२१मध्ये स्वयंसेवकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि लिबेरा.चॅट नव्याने उभं केलं. डोमेन कोणाच्या क्रेडिट कार्डावर आहे, हे आज विचारा.

फुकट ते पौष्टिक

याचं जुनं उदाहरण म्हणजे बिटकीपर. लिनक्स कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) काम २००२पासून कोडचे बदल नोंदवणाऱ्या या बंद प्रणालीवर चालायचं. लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी ती डोळे उघडे ठेवून निवडली होती, आणि कामाला वेग आला हेही नाकारता येत नाही. सांबा या दुसऱ्या खुल्या प्रकल्पाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिचा प्रोटोकॉल (माहितीच्या देवाणघेवाणीची पद्धत) उलगडायचा प्रयत्न केला, आणि एप्रिल २००५मध्ये कंपनीने मोफत परवाना काढून घेतला. त्याच महिन्यात गिट जन्मलं, जूनमध्ये २.६.१२ ही कर्नलची आवृत्ती गिटवरून निघाली. ही गोष्ट सुखान्त म्हणून सांगितली जाते. पण परवाना गेल्यावर दोन महिन्यांत नवीन साधन लिहून काढणारा माणूस आपल्या प्रकल्पात आहे का, हे आधी बघून घ्या.

भाषांतरवाल्यांची कथा जास्त जवळची. ट्रान्सिफेक्स हे फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या परिसरात वाढलेलं भाषांतराचं खुलं साधन २०१३मध्ये बंद स्रोताचं झालं. फेडोराने झनाटा हे दुसरं साधन घेतलं. ते खुलं होतं, पण पुढे फेडोराच्या पाठीशी असलेल्या रेड हॅट कंपनीने त्याचंच काम थांबवलं, मग वेबलेट हे तिसरं साधन. मराठीसह सगळ्या भाषांच्या गटांना दर वेळी नवं साधन शिकावं लागलं. पीओ फाइली (भाषांतराच्या साध्या मजकूर-फाइली) रेपोत होत्या म्हणून केलेलं काम वाचलं. साधन बदललं तरी फाइल साध्या, सगळ्यांना वाचता येणाऱ्या साच्यात आपल्याकडे हवी, एवढं यातून घ्या. कोड ठेवण्याचं गुगल कोड जानेवारी २०१६मध्ये कायमचं मिटलं, तसल्याच बिटबकेटने २०२०मध्ये गिटसारख्या मर्क्युरिअल या साधनाची सोय काढून टाकली, तयार सॉफ्टवेअर वाटणाऱ्या डॉकर हबने मार्च २०२३मध्ये मोफत टीम खाती बंद करायची घोषणा केली आणि ओरड झाल्यावर मागे घेतली. यादी लांबवता येईल.

रागाच्या भरात स्वतःचा सर्व्हर

हे आगीतून फुफाट्यात पडणं असू शकतं. मार्च २०१३मध्ये लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीई या प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरवरची फाइल सिस्टीम बिघडली. आरसे (मिरर, म्हणजे आपोआप जुळवल्या जाणाऱ्या प्रती) होते, पण त्यांनी बिघाडच इमानेइतबारे उतरवून घेतला. दीड हजारांहून जास्त रेपो जाता जाता राहिले, कारण एका सर्व्हरवर सुदैवाने चांगली प्रत शिल्लक होती. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, ते केडीईला असं कळलं. पगारी माणसं असली तरी हे होतं: ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या गिटहबच्या स्पर्धक कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, आणि बॅकअपचे एकेक मार्ग तपासले तेव्हा ते चालतच नव्हते. सहा तासांचा डेटा गेला.

त्यात आता एआय कंपन्यांचे बॉट. रेपोचं प्रत्येक पान, प्रत्येक कमिट, प्रत्येक फरक ते ओरबाडत राहतात. ग्नोमसारख्या (हाही लिनक्सचा डेस्कटॉप) मोठ्या प्रकल्पालाही २०२५मध्ये आपल्या सर्व्हरवरच्या गिटलॅबच्या दारात अनुबिस नावाचा, बॉट अडवणारा पहारेकरी बसवावा लागला. दोन-चार स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने हे स्वतः अंगावर घेऊ नये असं मला वाटतं. बर्लिनमधली कोडबर्ग ही सदस्यांची नोंदणीकृत संस्था फोर्जेयो चालवते, तिथे जा. झिग भाषेने नोव्हेंबर २०२५मध्ये तेच केलं. किंवा मोझिलाचा मधला मार्ग घ्या: फायरफॉक्सचा कोड २०२५मध्ये गिटहबवर गेला, पण बग बगझिला या स्वतःच्या नोंदवहीतच राहिले आणि तपासणीही स्वतःच्याच साधनावर.

सीमा विसरणं

जुलै २०१९मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमिया इथल्या गिटहब खात्यांवर मर्यादा आल्या. इराणपुरत्या त्या जानेवारी २०२१मध्ये उठल्या. भारतात डिसेंबर २०१४च्या आदेशात रोखलेल्या ३२ संकेतस्थळांत गिटहबचंही नाव होतं. आणि खुलं साधन घेतलं म्हणून सुटका नाही: मे २०२३मध्ये सरकारने बंदी घातलेल्या १४ अ‍ॅपमध्ये एलिमेंट (मॅट्रिक्सवर बोलायचं अ‍ॅप) आणि ब्रायर ही खुली चॅट अ‍ॅपही होती. बोलण्याचा एक मार्ग बंद झाला तर दुसरा कोणता, हे रीडमीमध्ये (रेपोच्या माहितीच्या फाइलीत) एका ओळीत लिहून ठेवा.

नोटीस आलीच असेल तर

भांडण नंतर, निर्यात आधी. लॉगिन चालू आहे तोवर इश्यू, विकी, रिलीज, चित्रं, सदस्यांची यादी सगळं उतरवा, आणि ते दोघांच्या संगणकांवर ठेवा. मग नवा पत्ता जुन्या ठिकाणी सगळ्यात वर चिकटवा. जुना रेपो अर्काइव्ह (फक्त वाचण्यापुरता) करा, खातं मात्र डिलीट करू नका. खातं गेलं की ते नाव मोकळं होतं. दुसऱ्या कोणी ते घेतलं तर जुन्या दुव्यांवरून कोड ओढणाऱ्यांच्या हातात त्याचा कोड पडतो. फार वापरल्या जाणाऱ्या रेपोंची नावं गिटहब राखून ठेवतं, लहान रेपोंना हे संरक्षण नाही. तेव्हा रिकामं का होईना, ते खातं, त्याचा पासवर्ड आणि टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड किमान दोन मेंटेनरांकडे राहू द्या.